लाखभर इंजिनावर, आणि मीटर रामभरोसे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत जुन्या गाड्या नव्यासारख्या करून चालवणाऱ्यांवर पानभर लेख आला तो वाचला. फोटो झकास होते, पण अख्ख्या लेखात इंजिन आलं, अलॉय आले, पेंट, सीट, म्युझिक सगळं आलं आणि ड्रायव्हरच्या नाकासमोर जे असतं त्या स्पीडोमीटरबद्दल चकार शब्द नाही. त्यातल्या एका प्रीमियर पद्मिनीला प्रीमियरच्याच नंतरच्या ११८ एनई गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स आणि १६५/६५ आर १४ टायर टाकलेत असं लिहिलंय. म्हणजे गाडी न बघताच मी सांगतो, तिचा काटा चुकीचा दाखवत असणार, किती चुकीचा ते मात्र मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, आणि मोजायचंच कोणी मनावर घेत नाही हे माझं म्हणणं आहे, म्हणून हे पत्र.

मी काय इंजिनिअर नाही, पण फियाट आमच्या घरात वडिलांपासून आहे (आमच्याकडं पद्मिनीला अजून फियाटच म्हणतात, १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फियाट ११०० म्हणूनच निघायची, पद्मिनी हे नाव १९७४ चं) आणि कोल्हापुरात राहून उद्यमनगरात चार लेथवाले ओळखीचे नसतील तर उपयोग काय. तर जे बघितलंय, करून घेतलंय तेवढंच लिहितो.

या गाड्यांत मीटर कसं चालतं ते आधी बघा. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर एक वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असतो, त्यावर एक छोटी गरारी, म्हणजे दात्यांचं चाक, फिरते, गरारीला केबल, केबल थेट डॅशबोर्डात. मीटरच्या आत ती केबल एक लोहचुंबक गरगर फिरवते, चुंबकावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा एकमेकाला स्पर्शसुद्धा नाही, पण फिरत्या चुंबकामुळं वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागं ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते, दोघांची ओढाताण जिथं बरोबरीत सुटते तिथं काटा थांबतो. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसानं १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षं जगानं तेच वापरलं. आता किलोमीटरचे आकडे बघा, ते या भानगडीत नसतात, ते त्याच केबलवरून पण सरळ दात्यात दाता अडकवून फिरतात, तिथं चुंबक नाही आणि स्प्रिंगही नाही.

हा फरक लक्षात ठेवला की निम्मं काम झालं. हायवेला किलोमीटरचे दगड असतात, दहा किलोमीटर सलग चालवा आणि आकडे किती पुढं गेले बघा. आकडे बरोबर आणि काटा चूक असेल तर दोष मीटरच्या आत, चुंबक म्हातारं झालंय नाहीतर स्प्रिंग सैल झालीय किंवा वाटीला तेल लागलंय. आकडेही चूक आणि काटाही तेवढ्याच टक्क्यानं चूक, तर मीटर बिचारं ठणठणीत आहे, चूक खाली आहे, टायरात नाहीतर गरारीत नाहीतर डिफरन्शियलमध्ये (शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअर). आणि दोन्ही चूक पण वेगवेगळ्या टक्क्यानं, तर दोन्हीकडं घोटाळा. हे न बघता लोक पहिल्यांदा मीटरवाल्याकडं पळतात, तो काटा उचलून पुढंमागं बसवून देतो, ६० ला जुळतं, आणि ३० ला नि ९० ला परत बोंब! काटा उचलून बसवला की सगळीकडं सारखेच किलोमीटर वाढतात किंवा कमी होतात, टक्केवारीतली चूक त्यानं कशी जाणार.

टायरचं गणित सोपं आहे. पद्मिनीला कंपनीचा टायर ५.२०-१४, त्याची उंची साधारण ६१ सेंमी. १६५/६५ आर १४ ची उंची येते ५७ सेंमी (१६५ चे ६५ टक्के म्हणजे १०७ मिमी, ते वर आणि खाली असं दोनदा, अधिक १४ इंची रिमचे ३५५.६ मिमी). चाक ७ टक्के लहान झालं, तेवढ्याच रस्त्याला ते जास्त फेरे मारणार, केबल जास्त फिरणार, गाडी खरी १०० ला असताना काटा १०७ दाखवणार. आकडेही तसेच पळणार, त्यामुळं मालक सांगतो की माझी फियाट १६ चा अ‍ॅव्हरेज देते, खरं बघितलं तर ती १५ लाही जरा कमीच देत असते. हे सांगितलं की लोकांना मीटरपेक्षा अ‍ॅव्हरेज कमी झाल्याचं जास्त वाईट वाटतं. उलट मोठा टायर टाकला की काटा कमी दाखवतो, जीपवाल्यांचं बहुतेक हेच असतं, आणि ते धोक्याचं, कारण काटा ८० म्हणतोय आणि गाडी ८८ ला चाललीय. एकच टायर नवा असताना आणि गोटा झाल्यावर यातसुद्धा दीड-दोन टक्के फरक पडतो, तेव्हा काट्यानं अगदी एकेक किलोमीटर बरोबर सांगावा असा हट्ट धरायचं कारण नाही.

गिअरबॉक्स बदलला की मात्र खरी गंमत. बऱ्याच जणांना वाटतं पाचवा गिअर आला म्हणून मीटर चुकलं. तसं नसतं. आपल्या या मागच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांत मीटरची गरारी गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर असते, तो शाफ्ट आणि चाक यांच्यामध्ये फक्त डिफरन्शियल, त्यामुळं तुम्ही पहिल्यात असा की पाचव्यात, मीटरला काही देणंघेणं नाही. मीटर चुकतं ते नव्या गिअरबॉक्सातला वर्म आणि गरारी दुसऱ्या गाडीच्या चाकासाठी, दुसऱ्या डिफरन्शियलसाठी आणि दुसऱ्या मीटरसाठी बनवलेली असते म्हणून. गॅरेजवाला काय करतो, केबलचं टोक बसत नाही म्हणून दोन केबली कापून एक करतो, काटा हलला की झालं म्हणतो आणि गाडी ताब्यात देतो.

आमच्या एका मित्राचं असंच झालं. गिअरबॉक्समुळं केबल साधारण १५ टक्के हळू फिरत होती, लहान टायरमुळं ७ टक्के जोरात, दोन्हीचा गुणाकार होऊन काटा ९ टक्के कमी दाखवायला लागला. गॅरेजवाल्यानं गाडी देताना "थोडाफार फरक असतोच जुन्या गाडीला" एवढंच सांगितलं होतं. हा गडी पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेला काटा बरोबर १०० वर धरून, मर्यादा पाळतोय म्हणून खुशीत चाललेला, आणि नंतर मोबाईलवर चलान, वेग १०९. कॅमेऱ्याला तुमच्या काट्याशी काय घेणं! कायद्यात हलक्या गाडीला १००० ते २००० दंड आहे, तो भरला. पण पैशाचं सोडा, त्याच काट्याच्या भरवशावर तो घाटात ६० समजून ६६ नं उतरत होता, आणि गाडीला ब्रेक जुनेच, चारी ड्रमचे.

आता मोजायचं कसं. मोबाईलमधलं जीपीएस सगळ्यांकडं आहे, सपाट सरळ रस्त्याला एका वेगात गाडी धरली तर ते चांगलंच बरोबर सांगतं, फक्त वेग वाढवताना-कमी करताना ते जरा मागं असतं आणि बोगद्यात तर विचारूच नका. शेजारी माणूस बसवा, काटा ४०, ६०, ८० वर धरा, त्याला खरे आकडे लिहायला सांगा. चालवता चालवता स्वतः मोबाईल बघू नका. मोबाईल नको असेल तर दगड ते दगड सेकंद मोजा आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागा, ४५ सेकंद लागले तर ८०, ४० लागले तर ९०, आमचे वडील असंच करायचे आणि त्यांचं उत्तर जीपीएसपेक्षा वाईट नसायचं.

पण नुसती चूक कळून भागत नाही, दुरुस्त करायची तर दोन आकडे लागतात. पहिला, मीटरला एका किलोमीटरला केबलचे किती फेरे हवेत. काही मीटरच्या तबकडीवर तो बारीक अक्षरात छापलेला असतो (इंग्लिश मीटरवर मैलाला, तेव्हा १.६०९ नं भागायचं विसरू नका). नसेल तर केबल गिअरबॉक्सकडून सोडवा, आतली तार हातानं फिरवा आणि किलोमीटरचा आकडा एक घर सरकायला किती फेरे लागले ते मोजा, कंटाळवाणं काम आहे, पोरांना लावा. दुसरा आकडा, तुमची गाडी एका किलोमीटरला केबल किती फिरवते. त्यासाठी केबल मीटरकडून सोडवायची, तारेच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवायचा, मागच्या टायरला आणि रस्त्याला खडूनं खूण करायची, टायरात हवा नेहमीची आणि गाडीत एक माणूस बसलेला, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायची, चाकाचे दहा फेरे. रस्त्यावरचं अंतर टेपनं मोजायचं, झेंड्याचे फेरे मोजायचे, भागाकार केला की झालं. एका बाजूला जॅक लावून एकच चाक फिरवून मोजू नका, डिफरन्शियलमुळं शाफ्ट निम्माच फिरतो आणि उत्तर दुप्पट चुकतं, हे मी चांगल्या चांगल्या मेकॅनिकना करताना बघितलंय.

दोन्ही आकडे जुळले तर खाली सगळं बरोबर. नाही जुळले तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गरारीचे दाते बदलणं. केबलच्या गरारीला दाते वाढवले की केबल हळू फिरते, कमी केले की जोरात. समजा गरारी १५ दात्यांची आहे आणि काटा १०० ला १०७ दाखवतोय, १५ गुणिले १.०७ म्हणजे १६.०५, सोळा दात्यांची गरारी बसवा, विषय संपला. एका दात्याचा फरक बहुतेक खपून जातो, जास्त असेल तर वर्मपासूनचं अंतर बदलतं आणि हाऊसिंगही बदलावं लागतं. त्याच गिअरबॉक्सच्या दुसऱ्या मॉडेलची गरारी मिळते का आधी बघा, पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारात हुडकली तर सापडते. नाहीच सापडली तर नायलॉनच्या रॉडमधून करून घ्या, उद्यमनगरात करून देणारे आहेत, मात्र वर्मच्या आट्याचा कोन नीट मोजून द्या, नाहीतर चार दिवसात दाते खाऊन मोकळी होईल. दात्यांनी जमतच नसेल तर केबलच्या मध्ये बसणारी रेशोची डबी असते, आत दोन-चार गरारी, एका बाजूनं हजार फेरे आत गेले की दुसऱ्या बाजूनं ८५० किंवा ११५० बाहेर, जसं हवं तसं.

आणि दोष मीटरच्या आत निघाला तर? मग हातात कला असलेल्या मीटरवाल्याकडं द्या. आमच्या इथं एक वयस्कर चाचा आहेत, घड्याळं आणि मीटर दोन्ही करतात. मागं एक मीटर त्यांच्यासमोर बसून उघडलेलं बघितलं. काचेच्या रिंगची दुमडलेली कड ते बोथट स्क्रू ड्रायव्हरनं जरा जरा करत उचलतात, एका जागी जोर लावला की रिंग वाकडी होते आणि परत कधी नीट बसत नाही. उघडल्या उघडल्या गिअर ऑइलचा वास आला. गिअरबॉक्सकडचं सील गेलेलं, आणि फिरणाऱ्या तारेच्या पिळावरून तेल चढत चढत पार डॅशबोर्डातल्या मीटरपर्यंत पोचलेलं, वाटी आणि चुंबकाच्या मधल्या कागदाएवढ्या फटीत काळं चिकट तेल. त्यामुळं वाटी नुसती चुंबकानं नाही तर तेलानंही ओढली जात होती आणि काटा ५० ला ८० च्या पुढं जाऊन चिकटायचा. चाचांनी कापसाच्या काडीनं पेट्रोल लावून सगळं पुसलं, काट्याला हात लावायच्या आधी तो मोकळा सोडल्यावर कुठं थांबतो तिथं पेन्सिलनं बारीक खूण केली, आणि मग ड्रिल मशीनला केबलचा तुकडा लावून मीटर फिरवलं. किलोमीटरला हजार फेऱ्यांचं मीटर असेल तर मिनिटाला हजार फेऱ्यांना काट्यानं ६० दाखवायला पाहिजे, ५०० ला ३०, इतकं सरळ. ड्रिलचे फेरे मोजायला त्यांच्याकडं लेझरचा छोटा टॅको होता. चिमट्यानं स्प्रिंगचं टोक केसभर सरकवून त्यांनी तीन ठिकाणी काटा जुळवला. पण तेलाचं सील बदललं नाही तर सहा महिन्यात परत याल, हेही बजावलं. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा मीटर नाही, केबल कोरडी असते किंवा कुठंतरी जास्त वाकलेली असते, केबलच्या खालच्या दोन तृतीयांश भागाला हलकं ग्रीस लावायचं, मीटरकडच्या टोकाला अजिबात नाही.

हल्ली बरेच जण हे सगळं टाळून डिजिटल डॅश बसवतात. प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा फिरता दांडा) चुंबक चिकटवून सेन्सर, नाहीतर सरळ जीपीएसवर चालणारं मीटर. बरोबर दाखवतात, नाही असं नाही, फक्त एका किलोमीटरला सेन्सरच्या किती पल्स (ठोके) येतात तो आकडा त्यात नीट भरला पाहिजे. पण फियाटच्या डॅशबोर्डात निळा टॅबलेट चमकताना बघवत नाही, हे माझं वैयक्तिक मत, राग मानू नये. जुन्या तबकडीच्या मागं नवी मोटर बसवून देणारे आहेत, खर्च करायचाच तर तो तिथं करा.

आता सरकारी बाजू. युनोचा रेग्युलेशन ३९ म्हणून नियम आहे, त्यात साधं तत्त्व आहे की काट्यानं खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, त्याच्या वर नाही. म्हणजे खऱ्या ८० ला काटा ८० ते ९२ मध्ये पाहिजे. आपल्याकडंही केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पीडोमीटर सक्तीचं आहे. पण पंधरा वर्षांनंतर पासिंगला गाडी नेली की हॉर्न, लाईट, चेसिस नंबर सगळं बघतात, काटा खरा की खोटा हे विचारलेलं मी तरी बघितलं नाही. गंमत म्हणजे हीच पद्मिनी मुंबईत काळीपिवळी म्हणून धावत होती तेव्हा तिच्या भाड्याच्या मीटरला सील असायचं, भाडं वाढलं की मीटर नव्यानं जुळवून, तपासून घ्यावं लागायचं. पैशाच्या मीटरला एवढी शिस्त, वेगाच्या मीटरला काहीच नाही.

मॉडिफाय करणाऱ्यांना आरटीओत जायची भीती वाटते हेही खरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सांगितलंय, इंजिन बदललं तर परवानगी आणि आरसीवर नोंद पाहिजे. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो तोही मूळ रूपातल्या गाडीलाच. म्हणून लोक गपगुमान गाडी चालवतात आणि मीटरची चूक कोणाच्या कागदावर येत नाही. ज्यांनी नोंद केलेली नाही त्यांची बाजू मी घेत नाहीये, पण मीटर बरोबर करून घ्यायला कुठलं कलम आडवं येत नाही.

माझी मागणी साधी आहे. गॅरेजवाल्यांनी गाडी देताना बिलावर दोन ओळी लिहाव्यात, खऱ्या ६० ला काटा किती आणि खऱ्या ८० ला किती, आणि गरारी किती दात्यांची बसवलीय. एवढं लिहायला लागलं तर मोजावंही लागेल. जुनी मॉडिफाय गाडी विकत घेणाऱ्यांनी "किती चाललीय" विचारायच्या आधी हे बिल मागावं, कारण ७ टक्के जास्त पळणाऱ्या आकड्यांनी ८०,००० दाखवले तर गाडी ७५,००० च्या आतच चाललेली असते आणि उलटं असलं तर त्याच्या उलट. आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी अशी गाडी छापली तर अलॉयच्या किमतीशेजारी ही दोन आकड्यांची ओळ छापता आली तर बघा.

गरारी मिळेपर्यंत निदान एवढं करा, जीपीएसनं एकदा मोजून कागदाच्या चिठ्ठीवर लिहा, "काटा ६४ म्हणजे ६०, काटा ८६ म्हणजे ८०", जे तुमच्या गाडीचं असेल ते, आणि डॅशबोर्डाला चिकटवा. गाडी दुसऱ्याच्या हातात देताना ती चिठ्ठी काढू नका.

आपला,
एक फियाटवाला, कोल्हापूर